वरातीतून उतरलेली घोडी

नारायणगडाच्या पायथ्याच्या माळावर आम्हा भावंडांना घोड्यावर बसायला शिकवलं ते कुणा उस्तादानं नाही, वरातीतून निवृत्त झालेल्या राणीनं. बारा-तेरा वर्षं हलगीवर नाचून तिनं आमचं घर चालवलं. नवरदेव मराठा असो, वंजारी असो की मुसलमान, घोडी तीच! पुढच्या पायांना सूज येऊ लागली तसे अब्बांनी तिचे घुंगरू काढून खुंटीला टांगले.

शेजारी म्हणत, माळेगावच्या जत्रेत विकून टाका. नांदेड जिल्ह्यातल्या खंडोबाच्या त्या बाजारात घेणारा आधी ओठ वर करून दात बघतो. वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावर 10व्या वर्षाच्या सुमारास एक खाच दिसू लागते, 15व्याला निम्म्यावर येते, 20व्याला टोकापर्यंत पोचते. राणीची खाच निम्म्याच्या पुढं गेलेली. अशा घोडीला कोण घेणार आणि कशासाठी, हे अब्बांना ठाऊक होतं. अम्मी मात्र कडब्याचा भाव मोजायची. तिचंही खोटं नव्हतं. दुष्काळात लोक बैल विकतात, तिथं बिनकामाची घोडी पोसणं म्हणजे चैनच.

अशी ती आमच्या वाट्याला आली. पूर्वी स्वतःचा घोडा असेल त्याला शिलेदार म्हणत, सरकारी घोड्यावर बसणाऱ्याला बारगीर. आम्ही बारगीरच, कारण हुकूम अब्बांचा. आधी पाव तास लगाम सैल सोडून नुसतं चालवायचं, मग दुडकी. म्हाताऱ्या सांध्यांना मोकळं व्हायला वेळ लागतो.

माळावर एक कोरडा चर होता, फार तर दोन हात रुंद. तो ओलांडणं ही आमची मर्दुमकी. राणीला उडी कुणी शिकवली नव्हती, पण नाचताना मागच्या पायांवर अंग तोलायची सवय होती, तेवढ्यावर ती झेपावायची. घोड्याचे डोळे बाजूला असतात, अगदी कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. काठाशी पोचताच चर नजरेआड व्हायचा आणि ती आधी पाहिलेल्याच्या भरवशावर उडी घ्यायची. नेमका तेव्हाच लगाम ओढणारा स्वार घोडीचा घात करतो.

"आयाळ धरा, हात पुढं सोडा! तिला तिचं करू द्या रे," अब्बा ओरडायचे.

उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून दिवसाला दोनच उड्या. तिसरीसाठी आम्ही किती रडलो असू!

गडाला धाकटी पंढरी म्हणतात. एका एकादशीला दिंडी जाताना टाळ-मृदंग कानावर पडले आणि राणीचे पाय थिरकू लागले. पाठीवर धाकटा भाऊ. एका म्हाताऱ्या माळकऱ्यानं तिच्या खुराखालची माती कपाळाला लावली. आळंदीच्या पालखीच्या रिंगणात माउलींच्या घोड्यावर कुणी बसत नाही, हे त्यानंच आम्हाला सांगितलं. ऐकून अब्बांनी धाकट्याला खाली घेतलं. "आता रिकामीच नाचू दे."

त्याच हिवाळ्यात एका मोठ्या लग्नाचा विसार आला. त्यांना राणीच हवी होती, दुसरी नको. अब्बांनी पैसे परत केले. अम्मी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो राणीपुढं भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं, आणि तिच्या मानेवरून अम्मीचाच हात फिरतोय.