आधी पाय बघा

माझं माहेर सावरगाव. पांढुर्ण्याला अगदी लागून, मध्ये फक्त जाम नदी. लग्न होऊन मी निपाणीला आले तेव्हा शेजारच्या बायका विचारायच्या, "मध्य प्रदेशात मराठी बोलतात होय?" आता गोटमारीमुळे टीव्हीवर नाव ऐकलेलं असतं. पूर्वी आमचा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. 2023 पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आहे.

2024 च्या पोळ्याला मी माहेरी गेले होते. इकडे आपला बेंदूर आणि कारहुणवी तोवर कधीच होऊन गेलेली असते. त्यामुळे आमच्या अत्ती, म्हणजे सासूबाई, दरवर्षी चेष्टा करतात, "तुझ्या माहेरचे बैल फार उशिरा नटतात गं." त्या दिवशीही बैलांना धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून झाली. खुरांत खडा तर अडकला नाही ना, हेसुद्धा बाबांनी वाकून पाहिलं. पण अंगणातली चिंगी एका पायावर उभी होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

चिंगी म्हणजे माझ्या भाच्याचं पांढरं पेकिन बदक. जात अंगानं जड, त्यात घरातल्या प्रत्येकाच्या हातून पोळीचा तुकडा मिळणारं. मी उचलून पाहिलं. तळव्याच्या मधोमध सूज आणि त्यावर काळी, कडक खपली. हात लावला तर गरम लागलं. भावानं लगेच दाढीचं पातं आणलं. "गळूच हाय, फोडून टाकतो."

मी त्याला थांबवलं खरं, पण पुढं काय करायचं ते मलाही कळत नव्हतं. निपाणीला फोन लावला. अत्तींचा सगळा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. बदक म्हटल्यावर आधी त्यांच्या लक्षात येईना, मग म्हणाल्या, "बातुकोळी?" आणि हसल्या. "कोळी असो की बातुकोळी, रोग तोच. मोदल कालु नोड. आधी पाय बघायचा, मग चारा. आणि पातं लावू नको हं."

दुसऱ्या दिवशी गोटमार. नदीच्या दोन्ही काठांवर माणसंच माणसं आणि दगड. बदकाला बगलेत घेऊन पलीकडे जायची सोयच नव्हती. भाच्यानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. खातेय का, सूज केवढी, लाली पायावर वर चढलीय का. मग म्हणाले, "याला बंबलफूट म्हणतात. उद्यापरवा घेऊन या, तोवर सांगतो तेवढंच करा."

त्यांनी सांगितलेलं इथं लिहिते, कारण आपल्याकडेही हल्ली परसात दोन-चार बदकं पाळणारी घरं दिसतात. दगड-खडीच्या किंवा सिमेंटच्या जमिनीवर, तारेच्या जाळीवर चालून तळवा सोलवटतो. पावसात चिखलानं कातडी मऊ पडते. त्या बारीकशा जखमेतून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. वजन जास्त असेल किंवा खाण्यात अ जीवनसत्त्व कमी असेल तर हे लवकर होतं. आणि पात्याचं म्हणाल, तर पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. गळू फोडलं तरी तो वाहून जात नाही. दाबलं, कापलं तर रक्त येतं आणि जंतू आणखी आत, हाडापर्यंत जाऊ शकतात. कापायचं असेल तर ते डॉक्टरांनी.

घरी करायचं ते असं. टबात कोमट पाणी घेऊन त्यात एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवायचं आणि पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा. ते पाणी बदकाला पिऊ द्यायचं नाही, जुलाब होतात. मग पाय कोरडा टिपून पोव्हिडोन आयोडीन लावायचं. वर गॉज आणि पट्टी, बोटं आवळणार नाहीत इतपतच घट्ट. पट्टी रोज बदलायची. हातात मोजे घालायचे, नंतर साबणानं हात धुवायचे, कारण हे जंतू माणसालाही त्रास देतात. घरातली माणसांची गोळी किंवा बधिर करणारं मलम वापरायचं नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं, तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्यायचं. जखम भरेपर्यंत पोहणं बंद, पण डोकं बुडेल एवढं खोल भांडं जवळ हवंच. बदक त्यातच डोळे आणि नाक साफ करतं.

दुपारी अंगणात टब मांडला. भाच्यानं चिंगीला जुन्या टॉवेलात गुंडाळून धरलं. बाबा बाजेवर बसून बघत होते. त्यांना बारा वर्षांपासून साखर आहे. पाणी भरलेलं पाहून आई सहज म्हणाली, "तुमी बी याच पाण्यात पाय टाका ना, उतार पडन."

"कशाचा उतार?" मी विचारलं.

बाबा पाय आखडून घेत म्हणाले, "काही नाही वं, काटा रुतला असन."

मी जबरदस्तीनं पाय धरला. अंगठ्याखाली काळपट, कडक घट्टा, त्याच्या कडेनं ओल. मी त्यावर बोट टेकवलं तर त्यांना कळलंही नाही. चिंगीच्या पायाला हात लावला की ती निदान पाय ओढून घ्यायची. माझ्या वडिलांना काहीच कळत नव्हतं, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आईचा पाण्याचा आग्रह चालूच होता. पण निपाणीत आमच्या सासऱ्यांनाही साखर होती, त्यामुळे एवढं मला ठाऊक होतं की साखरेच्या माणसाचा जखमी पाय भिजवत ठेवायचा नाही. नसा बधिर झाल्यामुळे पाणी किती गरम आहे ते त्याला समजत नाही, चटका बसतो. भिजून कातडी आणखी फाटते. बदकाला जे चालतं ते बाबांना चालणार नव्हतं. मी जखम स्वच्छ कोरडं गॉज ठेवून झाकली, त्यांना चालू दिलं नाही, आणि नदीवरची गर्दी ओसरल्यावर भावानं त्यांना पलीकडे दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घट्टा तासून जखम साफ केली. आणखी आठवडा गेला असता तर अंगठा वाचवणं कठीण होतं, असं ते म्हणाले. आईला खूप वाईट वाटलं. महिनाभरापासून तिला ते दिसत होतं, पण पोळा होऊ दे, मग बघू, असं दोघांचं ठरलं होतं.

चिंगीला दोन दिवसांनी डॉक्टरांकडे नेलं. तिची सूज महिन्याभरात उतरली. अजून ती थोडी लंगडते. भाच्यानं अंगणातली खडी उचलून टाकली, रात्री बसायला कोरडा भुसा आणि वर जुनं पोतं घातलं. पोळीचे तुकडे बंद झाले, त्याऐवजी पालक आणि किसलेलं गाजर मिळतं. बाबांच्या जखमेला मात्र तीन महिने लागले. बोट वाचलं.

आता दर रविवारी भाचा चिंगीला उलटी धरून तळवे तपासतो. बाबांना रोज संध्याकाळी हातआरसा दिला आहे, वाकता येत नसलं तरी तळवा दिसतो. सुरुवातीला ते कंटाळा करायचे. मग भाच्यानंच नियम केला, की आजोबांनी पाय दाखवल्याशिवाय चिंगीला बाहेर सोडायचं नाही.

अत्ती फोनवर अजून चौकशी करतात, "बातुकोळी कशी आहे?" मी सांगते, बरी आहे. मग त्या गप्प बसतात आणि मला कळतं, पुढचा प्रश्न बाबांचा आहे. परवा मात्र मीच त्यांना म्हटलं, "अत्ती, तुम्ही तुमचे पाय शेवटचे कधी पाहिलेत?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी त्या कट्ट्यावर बसून पाय पुसताना दिसल्या. मी चष्मा आणून दिला.