हबसाणची माणसं

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली की थोड्याच वेळात जंजिऱ्याचा तट अंगावर येतो. दरवाजा मात्र अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत गाईड कलालबांगडी तोफ दाखवतो, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचा तलाव दाखवतो आणि मग ठरलेलं वाक्य म्हणतो: हा किल्ला कुणालाच घेता आला नाही. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास समुद्रात सेतू घालायला घेतला, तरी नाही. ऐकणारे आपण जरा खट्टू होतो. मला मात्र तिथे दुसराच प्रश्न छळतो. हा कातळ इतक्या चिवटपणे राखणारे सिद्दी इथवर आले कसे?

त्यांचा मूळ मुलुख हबसाण, म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपासचा प्रदेश. तिथल्या अक्सुमच्या एझाना राजाने चौथ्या शतकातच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पुढे मक्केत छळ सोसणाऱ्या पहिल्या मुसलमानांना इ. स. ६१५च्या सुमारास आसरा मिळाला तो याच ख्रिस्ती राज्यात. पहिली अजान देणारे बिलालही हबशीच. तिथल्याच लालिबेलाला तर या लोकांनी अख्खी चर्चं कातळात वरून खाली कोरली. आपल्या वेरूळच्या कैलासाची आठवण व्हावी अशी.

पण आसरा देणाऱ्या भूमीतली लेकरंही बाजारात उभी राहिली. १५२९पासून शेजारच्या अदाल या मुस्लिम सल्तनतीच्या इमाम अहमदने सोमाली लढवय्ये बरोबर घेऊन ख्रिस्ती राज्यावर स्वाऱ्या केल्या. १५४३मध्ये तो पडेपर्यंत ते युद्ध धुमसत राहिलं. बंदिवान विकले गेले. शिवाय डोंगराळ भागातली, ना ख्रिस्ती ना मुसलमान अशी पोरंही पळवली जात. समुद्र ओलांडून अरबस्तानात त्यांचा धर्म बदले, नाव बदले आणि मोसमी वाऱ्यावर कितीतरी जण दख्खनला येऊन पोचत. मलिक अंबर त्यांतलाच. घरचं नाव चापू. बगदादमार्गे तो निजामशाहीच्या पेशव्याला, चंगेजखानाला विकला गेला. तो चंगेजखानही एकेकाळचा हबशी गुलामच. पुढे अंबराने निजामशाही आपल्या खांद्यावर तोलली, १६१०मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली. आज तो खुलताबादला, कैलास लेण्यापासून थोड्याच अंतरावर विसावला आहे.

जंजिऱ्याचे सिद्दी याच वाटेचे वारस. आधी निजामशाही, मग आदिलशाही, मग मुघल, असे त्यांचे धनी बदलत गेले, बेट मात्र सुटलं नाही. मुघलांचं पाठबळ आणि त्यांचं स्वतःचं आरमार ही त्याची व्यवहारी कारणं आहेतच. पण मला वाटतं, आणखीही एक कारण असावं. मराठ्यांना माघार घ्यायला पाठीशी सह्याद्री होता. सिद्द्यांच्या पाठीशी नुसता समुद्र, आणि त्यापलीकडे पुन्हा कधी न दिसणारं घर.

एवढं म्हणून त्यांना निव्वळ करुणेने पाहू लागावं, तर इतिहास आडवा येतो. सिद्दी याकूतखानाने अभय देऊन एका किल्ल्यातली माणसं बाहेर काढली, मग पुरुषांना मारलं आणि देखण्या बायका व मुलं गुलाम केली, असं खाफीखान या मुघल बखरकारानेच लिहून ठेवलं आहे. बाजारात विकल्या गेलेल्यांच्या वारसांनी दुसऱ्यांची लेकरं गुलाम करावीत, हे वाचताना हात थबकतो. सोसल्याने माणूस शहाणा होतोच असं नाही, हे या किनाऱ्याने फार जवळून पाहिलं आहे.

राजपुरीजवळच्या खोकरीला सिद्दी सरदारांचे तीन दगडी घुमट आहेत. रिवाजाप्रमाणे आतल्या मृतांची तोंडं मक्केकडे, म्हणजे पश्चिमेला. तीच दिशा थोडी दक्षिणेला वळवली तर हबसाण लागतं. १९४८मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आपल्या रोजच्या नकाशात आले. तेव्हापासून सिद्दी आपल्यापुरता शालेय पुस्तकातला शत्रू उरला.

शत्रू तो होताच. कोळीवाड्यांनी आणि रयतेने त्याचे वार झेलले आहेत. पण गाईडच्या त्या ठरलेल्या वाक्याआधी आणखी एक वाक्य यावं असं मला मनापासून वाटतं: हा किल्ला ज्यांनी राखला, त्यांचे पूर्वज कुणीतरी लहानपणी विकले होते. एवढं सांगितल्याने महाराजांचा पराक्रम उणा होत नाही, सिद्द्याचे अपराधही माफ होत नाहीत. दोन्हींचा हिशेब मात्र खरा लागतो.