माठ वाजवून घ्यावा

माठ विकत घेताना आपण सगळ्याजणी काय करतो? टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर पुढे सरकायचे. आमच्या सासूबाई शिरूरच्या बाजारात चार माठ वाजवल्याखेरीज भावसुद्धा विचारत नाहीत. हीच विद्या पुण्याला विद्यापीठात फी भरून शिकवतात, असे कुणी सांगितले असते तर मी हसले असते. खरे सांगायचे तर हसलेच होते.

माझी धाकटी बहीण दौंडहून रोज आगगाडीने पुण्याला जाते आणि डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम.ए. करते. तिने बी.एड. करून शाळेत लागावे, असे माझे मत. मी बी.ए. होऊन अर्धवेळच का होईना, शिकवते. चार पैसे हातात असण्याचे मोल मला ठाऊक आहे. दिवाळीत ती आमच्याकडे आली, तेव्हा मी तिला टोचलेच, "खापऱ्या मोजून पोट भरणार का गं?"

ती चिडली नाही. म्हणाली, "ताई, आमच्यापुढे खापऱ्यांचा ट्रे ठेवतात. प्रत्येकीने एक उचलायची. कड कशी वळलीय, तुटल्या जागी आत कोणता रंग दिसतो, सगळं पाहायचं. मग नखाने वाजवायची. जोर्वेची भांडी चांगली भाजलेली असतात, धातूसारखी वाजतात."

"जोर्वे कुठलं?"

"संगमनेर तालुक्यातलं. तिथे पहिल्यांदा सापडली म्हणून ते नाव. पण तुमच्या शिरूर तालुक्यात इनामगावला तर अख्खं गावच निघालं."

इतका वेळ सासूबाई अनारशांना खसखस लावत होत्या. इनामगाव म्हणताच हात थांबला. "पांढरीच्या टेकाडावरचं म्हंतीस व्हय? म्या पाट्या वाहिल्यात तिथं."

सोळा वर्षे मी या घरात आहे. त्यांचे माहेर घोडनदीच्या काठचे हे मला माहीत होते, पण हे कधी ऐकले नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात सगळे खडी फोडायला जात. सासूबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. त्यांना खोदकामावर काम लागले. "खडी फोडण्यापरीस बरं. पर लई जपून. एक खापर बी टाकून द्यायचं न्हाई. पाटीला चिठ्ठी लावायची."

मग बहिणीने सांगितले ते असे. डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ ते १९८३ पर्यंत बारा हंगाम उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी माणसे. इ.स.पूर्व सुमारे १६०० ते ७०० एवढा काळ तिथे वस्ती होती. शंभराहून जास्त घरे सापडली, धान्याचे कोठार सापडले, शेताला पाणी नेणारा पाट सापडला. लोक मुख्यतः सातू पिकवत. पुढे दिवस वाईट आले, तेव्हा ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान लहान गोल झोपड्या आल्या. मनात आले, दुष्काळात खणणाऱ्यांच्या हाती दुष्काळच लागला म्हणायचा!

"मग ती भांडी गेली कुटं?" सासूबाईंनी विचारले. वाहिलेल्या पाट्यांचे पुढे काय झाले, हे पन्नास वर्षांत त्यांना कुणी सांगितले नव्हते.

बहिणीने मोबाईल काढला. हल्ली वस्तूचे चहूबाजूंनी फोटो काढून ते संगणकावर जोडतात आणि भांडे बोटाने गरगर फिरवता येते. पुण्याच्याच सी-डॅकने 'जतन' नावाची संगणकप्रणाली केली आहे. तिच्या आधारे देशातल्या मोठ्या संग्रहालयांमधल्या वस्तू घरबसल्या पाहता येतात. बहिणीने वर्गात सरावासाठी केलेले एक तोटीचे भांडे दाखवले. तांबडे, वर काळी नक्षी. सासूबाईंनी निरखून पाहिले आणि सवयीने काचेवर टिचकी मारली. भांडे एकदम उडी मारून मोठे झाले! त्या दचकल्या, आम्ही पोट धरधरून हसलो.

"वाजंना की गं," त्या म्हणाल्या. "आन् केवढं हाये ह्ये?"

"खाली काळी-पांढरी पट्टी आहे ना मावशी, तिच्यावरून कळतं."

"पट्टी तुमाला कळती."

पुढच्या चित्रात एकमेकांना तोंडे लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ होते. "दोन माठ," म्हणून सासूबाईंनी ते बोटाने पुढे सरकवले. मीही फारसे पाहिले नाही. अनारसे तळायचे होते.

दिवाळी झाल्यावर मी त्यांना पुण्याला नेले. एस.टी.ने नगर रस्त्याने येरवड्यापर्यंत, पुढे रिक्षा. बहीण दौंडहून येऊन फाटकाशी उभी होती. संग्रहालयात शिरताना सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या. नको म्हटले तरी ऐकेनात.

इनामगावच्या वस्तूंपाशी त्या अगदी माहेरी आल्यासारख्या फिरत होत्या. "असलं निगालं की सायेब लोक पळत यायचे." चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेल्या माणसाची हकीकत त्यांनी ऐकली, तो तिथला मुख्य असावा म्हणतात. मग ते दोन कुंभ आले. राखी रंगाचे, ओबडधोबड. माझ्या मनात होते त्याहून किती लहान!

"ह्यात काय ठिवायचे?"

बहीण घुटमळली. मग हळू आवाजात म्हणाली, "तान्ही मुलं, मावशी. गेलेली. दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरायचे."

सासूबाईंनी दोन्ही तळवे काचेवर ठेवले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"माजं बी एवढंच व्हतं," त्या म्हणाल्या. "नऊ दिसांचं. बापय घिऊन गेले नदीकडं. मला जागा बी दावली न्हाई."

यजमानांच्या आधी एक मूल झाले होते, हे या घरात मला कुणीच सांगितले नव्हते. यजमानांना तरी माहीत होते की नाही, कोण जाणे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरे काय करणार?

"घरातच ठिवायचे व्हय?" थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले. "चुलीपाशी?"

"घरातच," बहीण म्हणाली.

"बरं करायचे."

परवानगी काढून बहिणीने त्या कुंभांचा फोटो काढला आणि सासूबाईंच्या मोबाईलमध्ये घातला. परतीच्या एस.टी.त मी बहिणीच्या बी.एड.चा विषय काढला नाही. अजूनही काढलेला नाही.

आता शेजारच्या बायका दुपारी येऊन बसल्या की सासूबाई तो फोटो काढतात. चित्र दाखवून झाले की मोबाईल मांडीवर ठेवतात आणि दोन्ही हात हवेत धरून सांगतात, "ह्याच्यात दिसत न्हाई. एवढं व्हतं. एवढं."