अट आधी

शनिवारी संध्याकाळी मुरगूडला एसटीतून उतरलो की घरी जायच्या आधी मी सरांकडे जायचो. मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होतो. सर निवृत्त झालेले, दोन खोल्यांत एकटे राहायचे. फी त्यांनी कधी घेतली नाही. आई काकवी पाठवायची, तेवढी ठेवून घेत आणि बरणी धुऊन, पुसून परत देत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हातात चाचणीचा पेपर होता. ई-च्या डोक्यावर टी-वर्ग, याचं लाप्लास ट्रान्सफॉर्म असेल तर काढा, असा प्रश्न होता. मी ‘असेल तर’ वाचलंच नव्हतं. त्या फंक्शनची मालिका मांडली, प्रत्येक पदाला पाठ केलेलं सूत्र लावलं आणि पानभर बेरीज लिहून आलो. मार्क शून्य. सरांनी ते पान सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं. म्हणाले, “एकेक पद बरोबर काढलंयस. पण ही पदं पुढं पुढं मोठीच होत जातात, बेरीज कुठली व्हायची? जे नाहीच, त्याचं उत्तर काढत बसलास. आधी इंटिग्रल उभं राहतंय का बघ, मग सूत्र लाव.”

वही ठेवून ते मला सर पिराजीराव तलावाकडे फिरायला घेऊन गेले. वाटेत विचारलं, “वडील सोसायटीचं कर्ज घेतात का?” घेत होते. बिद्रीला ऊस गेला की बिलातून सोसायटी आधी आपलं कापून घ्यायची, उरेल ते हातात. “मग तुला व्याज शिकवायला नको. वर्षानं मिळणारे शंभर रुपये आजचे शंभर नव्हेत, व्याजाच्या मानानं कमी. उत्पन्न क्षणाक्षणाला येतंय आणि व्याजही क्षणाक्षणाला चढतंय असं धर. पुढच्या सगळ्या उत्पन्नाची आजची किंमत काढून बेरीज केलीस, की झालं लाप्लास ट्रान्सफॉर्म. एस म्हणजे व्याजाचा दर.”

लाप्लास (१७४९–१८२७) हे नाव तोवर माझ्यासाठी सूत्रांच्या तक्त्यावरचं शीर्षक होतं. त्या संध्याकाळी त्या तक्त्यात माझ्या घरातलं काहीतरी दिसलं. उत्पन्न एका ठरावीक दरानं वाढत असेल तर व्याजाचा दर त्याहून जास्त धरायचा, बेरीज आवरते. दोन्ही दर सारखे झाले तर प्रत्येक वर्षाची आजची किंमत तेवढीच राहते आणि बेरजेला अंत उरत नाही. एखाद्या ठरावीक दराच्या चक्रवाढीपलीकडे जे फंक्शन जात नाही, ते ‘एक्स्पोनेन्शियल ऑर्डर’चं. टी-वर्गवालं तसं नाही, त्याचा वाढीचा दरच वाढत जातो. एस शंभर घ्या. टी पन्नास असताना घातांक उणे अडीच हजार, म्हणजे एसचा धाक चांगलाच चालतो. टी शंभरावर आला की घातांक शून्य, एकशे एकला अधिक एकशे एक. एस लाख घेतला तरी लाखाच्या पुढं हेच.

पुढच्या शनिवारी सर दुसऱ्या टोकाकडे वळले. एक भागिले टीचं वर्गमूळ हे फंक्शन शून्यापाशी आभाळाला भिडतं, तरी शून्य ते एकपर्यंतचं क्षेत्रफळ दोनच भरतं, म्हणून त्याचं ट्रान्सफॉर्म आहे. एक भागिले टीचं नाही. शून्यापाशी एस कितीही मोठा घेतला तरी त्याचा गुणक एकाच्या जवळच असतो, तो कुणाला आवरणार? “शेवट सांभाळायला एस आहे. सुरुवात फंक्शननं स्वतः सांभाळायची.” हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही. सरांकडे विडरचं पुस्तक होतं, १९४१ साली प्रिन्स्टनहून निघालेलं. ते त्यांनी मला वाचायला दिलं नाही, “परीक्षेनंतर” म्हणाले. तेव्हा राग आला होता.

अटींबाबत एवढे काटेकोर सर हेविसाइडविषयी मात्र फार मायेनं बोलत. विजेच्या तारांची गणितं त्यानं असल्या सिद्धता बाजूला ठेवून सोडवली आणि उत्तरं मिळवली. त्याच्या पद्धतीला पक्का पाया पुढच्यांनी घातला. असं सांगताना सरांचा आवाज जरा हळवा व्हायचा.

परीक्षेच्या आधीचा शेवटचा रविवार. सर एसटी स्टँडवर सोडायला आले आणि माझ्या तिकिटामागे एक फंक्शन लिहून दिलं : टीची दुप्पट, गुणिले तोच ई-चा टी-वर्ग, गुणिले त्याचं कोसाइन. “हे एक्स्पोनेन्शियल ऑर्डरचं नाही. ट्रान्सफॉर्म आहे का सांग.”

नाही, असंच तोंडात आलं होतं. पण गाडी सुटली होती. कागलच्या अलीकडे उजेडलं की हे तर साइनचं डेरिव्हेटिव्ह आहे, ज्या साइनच्या पोटात तो ई-चा टी-वर्ग बसलाय. साइन एकच्या वर जात नाही. बाय पार्ट्स केलं आणि इंटिग्रल उभं राहिलं. वाढीची अट पुरेशी आहे, आवश्यक नाही, हे वाक्य मी वर्षभर घोकलं होतं. त्याचा अर्थ तिकिटामागे कळला. फंक्शन उंच उसळतं, पण वर-खाली इतक्या वेगानं होतं की उसळ्या एकमेकींना फेडत जातात.

वसतिगृहावर पोचताच उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवलं. आठ दिवसांत सरांचं पाकीट आलं. आत माझंच कार्ड, शेजारी बरोबरची खूण. शेवटच्या ओळीपुढं मी जागा कोरी सोडली होती. तिथं त्यांनी तांबड्या शाईनं लिहिलं होतं : एस शून्यापेक्षा मोठा.