सात रस्त्यावरचा तुंबा

सोलापूर स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याने रिक्षावाल्याला नुसते 'सात रस्ता' म्हटले तरी पुरे होते. तिथून पुढे कुठेही जाता येते. होटगी रोड, विजापूर रोड, रंगभवन, मोदी, स्टेशन अशी नावे बोटांवर मोजायला बसलो की कधी सहा होतात, कधी आठ. सातवर बेरीज जुळत नाही. माझा पेशा आकडेमोडीचा. बी.कॉम. झाल्यापासून खतावण्याच लिहितो आहे, तरी हा हिशेब मला आजवर लागलेला नाही.

आम्हा वाजवणाऱ्यांना मात्र सात रस्ता वेगळ्या कारणाने माहीत आहे. एप्रिल महिना लागला, भीमजयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की संध्याकाळी सहा-साडेसहाला आम्ही इथल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर जमतो. ढोलकीवाला मोहोळकडून येतो, कीबोर्डवाला रेल्वे लाईनमधून. गायक सर्वांत शेवटी येतो, कारण तो गायक! सुपारी अक्कलकोटची असो की मंगळवेढ्याची, टेम्पो इथूनच आम्हाला उचलतो. माझी वाट पाहण्याची जागा ठरलेली आहे. दोन्ही बाजूंना ताडपत्रीच्या खोळीतले दोन तुंबे आणि मध्ये मी. ऑफिसातून तसाच आलेलो असतो. खिशाला पेन असते, त्या पेनाची शाई शर्टाला लागलेली असते. येणारे-जाणारे विचारतात, "काय हो, पाण्याचे पिंप कुठे घेऊन निघालात?"

त्यांची चूक नाही. तुंबा दिसतो पिंपासारखाच. कंबरेएवढा उंच, मध्ये फुगीर, खाली निमुळता, वर चामडे. काठी न घेता उघड्या हाताने वाजवायचा. आमच्याकडे पुष्कळांना वाटते की तुंबा हा आपलाच शब्द, वीणेच्या भोपळ्याला तुंबा म्हणतात त्यातला. मलाही कित्येक वर्षे तसेच वाटत होते. खरे तर हे नाव क्यूबातल्या 'तुंबादोरा'चे उरलेले टोक आहे. जोडीतल्या जाड आवाजाच्या ढोलाला तिकडे तुंबाच म्हणतात. याच वाद्याला आपले ऑर्केस्ट्रावाले 'कोंगो' म्हणतात आणि गुडघ्यांत धरायच्या लहान जोडीला 'बोंगो'.

क्यूबा हे अमेरिकेच्या दक्षिणेला समुद्रातले बेट आहे. स्पॅनिश मालकांनी तिथे उसाचे मळे केले आणि ते कसायला आफ्रिकेतून माणसे धरून आणली. कोंगो नदीच्या मुलखातली, आजच्या नायजेरियाच्या बाजूची, कितीतरी जमातींची माणसे. तिथली गुलामी कायद्याने संपली ती १८८६ साली. या माणसांजवळ गावाकडचे काही राहिले नव्हते, पण हातांत ताल राहिला होता. त्यांनी पिंपाच्या फळ्या जोडून ढोल केले. मतांझास आणि हवाना ही बंदराची शहरे. तिथल्या चाळींच्या अंगणांत गोदी कामगार जमत. ढोल मिळाला नाही किंवा वाजवू दिला नाही की मासळीची आणि मेणबत्त्यांची लाकडी खोकी उलटी करून वाजवत. त्या अंगणातून 'रुंबा' उभा राहिला. २०१६ साली युनेस्कोने त्याला जगाच्या वारशाच्या यादीत घेतले.

हे वाद्य आपल्याकडे आले ते सिनेमातून. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे गोवेकर आणि पारशी वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरले. बोंगो-कोंगो हिंदी सिनेमात रुजवण्याचे श्रेय कावस लॉर्ड यांना दिले जाते. सी. रामचंद्र म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला'त गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते आणि त्या गाण्यांत तिकडच्या तालाची ऊब होती. पुढे राहुलदेव बर्मन यांच्याकडे मारुतीराव कीर आणि होमी मुल्लन यांच्यासारखी तालाची माणसे जमली. सिनेमातली गाणी वाजवायची म्हणून गावोगावच्या ऑर्केस्ट्रांनी तुंबे घेतले. ऑर्केस्ट्रातला वादक रात्री भीमगीतांच्या पार्टीत बसू लागला आणि तुंबा आपल्या मंडपात आला. क्यूबाच्या मळ्यातून निघालेला ताल बुधवार पेठेच्या मंडपात पोहोचला, आणि मध्ये कोणी त्याला जात विचारली नाही.

मी शिकलो १९९६-९७ च्या सुमारास. ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक चाचा होते, त्यांच्याकडे. पहिले तीन महिने त्यांनी मला तुंब्याला हात लावू दिला नाही. उलट्या पत्र्याच्या डब्यावर बसवले. तळव्याने, मग बोटांच्या टोकांनी, पुन्हा तळव्याने, असा झुलता हात. "मारू नको रे बेटा, सोड," एवढेच म्हणायचे. हात सोडला की आवाज आपोआप फुटतो, दाबला की मरतो. कडेला बोटे सपाट पडली तर गोल आवाज निघतो. तीच बोटे किंचित वाकवून चापटीसारखी सोडली तर चट्‌दिशी कापणारा आवाज. या चापटीने माझ्या करंगळीची कातडी किती वेळा सोलली याची गणती नाही. सोमवारी ऑफिसात चिकटपट्टी लावलेल्या बोटांनी पावत्या फाडायच्या.

दुसरा धडा काठ्यांचा. हातभर नाही, वीतभर लांबीच्या दोन लाकडी काठ्या एकमेकींवर आपटायच्या. तिकडे यांना 'क्लावे' म्हणतात. सोळा मात्रा मोजा आणि फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर काठी वाजवा. पाचच ठोके, पण सगळी पार्टी त्या पाच ठोक्यांना बांधलेली असते. वाचकांनी घरी टाळी वाजवून पाहावे. पहिल्यांदा जमत नाही, आणि एकदा जमले की थांबवता येत नाही. आमची मुलगी भाकरी थापताना तोच ताल धरते म्हणून तिची आई ओरडते.

घरी मी हे सगळे लपवून करत होतो. पहिल्या कार्यक्रमाचे पंचाहत्तर रुपये आणून अण्णांच्या म्हणजे वडिलांच्या हातात दिले तेव्हा लपवणे संपले. अण्णा गिरणीत साचेवाले होते. गिरणी बंद पडून थोडेच दिवस झाले होते, घरात पैशाची गरज होती. त्यांनी नोटा घेतल्या नाहीत. म्हणाले, "माझ्या बापानं जे खाली ठेवलं ते तू खांद्यावर घेतलंस."

आमच्या गावी हलगी आमच्या घरावर होती. दवंडी द्यायची हलगीने, पाटलाच्या घरच्या वरातीपुढे चालायचे हलगी वाजवत, गावात कोणी वारले की पुढे हलगी. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे. 'येत नाही' म्हणायची सोय नव्हती. मोबदला म्हणजे शिळी भाकरी आणि सुगीतले मूठभर धान्य. महार वतनाची ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल मांडले. कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. आमचा आज्जा तेवढा थांबला नाही. १९५६ च्या दीक्षेनंतर तो हलगी घेऊन पाटलाच्या वाड्यावर गेला, ओट्यावर ठेवली आणि रिकाम्या हाताने परत आला. त्या वर्षी सुगीचे धान्य आले नाही. दुसऱ्या वर्षी घर सोलापूरला आले, गिरणीच्या आसऱ्याला.

अण्णांचा राग मला तेव्हा कळला नव्हता. तो कळला फार उशिरा, क्यूबाचे वाचायला लागल्यावर. आपल्याकडे चामड्यावर हात टाकायची सक्ती होती, तिकडे बंदी! अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी ढोल वाजवत बंड केले, म्हणून १७४० च्या कायद्याने त्यांना ढोल बाळगायलाच मनाई झाली. क्यूबात गुलामी गेल्यावरही पोलिस ढोल जप्त करत. हवानात काळ्या वस्त्यांच्या मिरवणुका वर्षानुवर्षे बंद होत्या, त्या १९३७ साली पुन्हा रस्त्यावर आल्या. तिथल्या बापाला वाटत असेल, पोराने वाजवावे. इथल्या बापाला वाटते, पोराने वाजवू नये. दोघांचेही म्हणणे एकच: आमचे हात कशाला उठतील ते दुसऱ्याने ठरवायचे नाही.

चानो पोझो नावाचा हवानाच्या चाळीतला एक तुंबावाला १९४७ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदात वाजवायला बसला. त्याला इंग्रजी येत नव्हते. पुढच्याच वर्षी हार्लेममध्ये त्याचा खून झाला, वय तेहतीस. हार्लेम म्हणजे बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले त्याच्या शेजारची काळ्या लोकांची वस्ती. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या लढ्याची माहिती मागवली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. तालाचे लोक आणि पत्राचे लोक एकाच वस्तीच्या आसपास फिरत होते, असे मला आपले वाटते.

एका कार्यालयीन स्नेहसंमेलनात मी तुंबा वाजवला. कार्यक्रम छान झाला. चहाच्या वेळी एक वरिष्ठ पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं हे." कौतुकानेच म्हणाले, यात शंका नाही. मी चहा अर्धा ठेवला. डब्यावरचे तीन महिने, सोललेली करंगळी, चाचांची बोलणी, हे सगळे त्यांनी एका शब्दात पुसून टाकले. काळ्या वादकांनाही गोरे हेच सांगत आले आहेत. रक्तात असते तर अण्णांच्याही रक्तात होते. ते आयुष्यभर साचा चालवत राहिले आणि त्यांनी एकदाही बोट ताटावर वाजवले नाही.

आता तुंब्याचे दिवस उतरले आहेत. ऑक्टोपॅड आले; एका रबरी चौकोनावर काडी टेकवली की तुंबा वाजतो, दुसऱ्यावर ढोलकी. टेम्पोत जागा वाचते, एका माणसाची बिदागी वाचते. मी रागावत नाही, कारण मंडळाच्या वर्गणीचा हिशेबही मीच लिहितो. पण उन्हात आवाज बदलतो तो चामड्याचाच. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, चामडे ताणते आणि आवाज चढतो. पावसाळी हवेत तेच चामडे कुरकुरते. दर तासाला पाना फिरवून सुरात आणावे लागते. रबराला ऋतू नाही.

दुसरीकडे हलगी परत आली आहे. गेल्या काही वर्षांत जयंतीच्या मिरवणुकीत पोरे हौसेने हलगी वाजवतात, लेझीम खेळणाऱ्या मुली त्या ठेक्यावर उड्या घेतात. आमच्या मंडळाच्या बैठकीत यावर भांडण झाले. जुने कार्यकर्ते म्हणाले, बाबासाहेबांच्या मिरवणुकीत हलगी कशी? तरुण म्हणाले, आता आम्हाला कोण बोलावतंय, आम्ही आमच्या बाबाच्या नावानं वाजवतो. मी दोन्हीकडून बोललो, त्यामुळे दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. माझे मत असे: ज्याला 'वाजवत नाही' म्हणता येते त्याने खुशाल वाजवावे. पण आज्जाने ती ओट्यावर का ठेवली, एवढे त्या पोरांना माहीत असलेच पाहिजे. मी दर रविवारी सांगतो. चार पोरे ऐकतात, बाकीची मोबाईल बघतात.

गेल्या जयंतीला टेम्पो बिघडला आणि तो सात रस्त्याऐवजी आमच्या घरी येईल, असा निरोप आला. तुंबे अंगणात काढून ठेवले होते. अण्णा आता ऐंशीचे आहेत, खुर्चीवर बसलेले असतात. आजवर माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. त्यांनी काठी टेकत येऊन चामड्यावर नखाने टिचकी मारली.

"उतरलंय," म्हणाले. "तापवत नाहीस?"

"याला जाळ लागत नाही अण्णा. पाना लागतो."

"आज्जाच्या हलगीला मीच कडब्याचा जाळ धरायचो. सात-आठ वर्षांचा होतो. जवळ नेलं की करपायची, लांब धरलं की चढायची नाही." हे मला त्यांनी यापूर्वी कधीच सांगितले नव्हते.

मी पाना त्यांच्या हातात दिला. पहिला नट त्यांनी उलटा फिरवला, चामडे आणखी ढिले पडले. मग कळले. एक नट, टिचकी, कान खाली. दुसरा नट, टिचकी. गिरणीतला माणूस, पाना हातात बसलेला. टेम्पो येऊन हॉर्न वाजवू लागला, गायक खाली उतरून घड्याळ दाखवू लागला.

"थांब रे," अण्णा त्याला म्हणाले, "एक बाजू राहिलीय."