ताईची चिमणी

माझी ताई हायस्कुलात नववीत आहे. तिथे चित्रकलेच्या सरांनी हलणारी चित्रे करायला शिकवले. सिनेमात एका सेकंदात २४ चित्रे पुढे सरकतात, म्हणून ती आपल्याला हलताना दिसतात. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाचे थोडे थोडे चित्रण करून ते पडद्यावर वाढताना दाखवले होते.

ताईने छोट्या वहीच्या ४८ पानांवर चिमणी काढली. प्रत्येक पानावर पंख जरासाच हलवला. अंगठ्याने पाने भराभर सोडली की चिमणी उडायची! मला लई मजा वाटायची.

एके दिवशी मी होड्या करायला त्यातली तीन पाने फाडली. वाटले, एवढ्यात कुणाला कळतंय? पण संध्याकाळी चिमणी मधेच दचकली. ताई म्हणाली, "कुणी फाडली रं?" मी म्हणालो, "मला न्हाई ठाऊक." ताई रडू लागली. उद्याच वही वर्गात दाखवायची होती. मला जेवण गोड लागेना. मग मी खरे सांगितले.

ताई खूप रागावली. पण नंतर तिने मला जवळ बसवले. आधीच्या चित्रावर कोरे पान ठेवून आम्ही तिन्ही चित्रे पुन्हा काढली. मी पंख एकदम वर नेला, तर ताई म्हणाली, "एवढा नको, जरासाच." शेवटी पाने डिंकाने चिकटवली. चिमणी पुन्हा उडाली.

आता मी कुणाच्याच वहीचे पान फाडत नाही.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी