सोलापूरचा मोगरा

२०१४ साली बदली होऊन मी सोलापूरला आलो. निघताना आईने रत्नागिरीच्या परसातले अनंताचे रोप डब्यात लावून बरोबर घेतले. एस. टी.ने आंबा घाट ओलांडला तरी तो डबा तिच्या मांडीवरच! "माणसे काय, कुठेही जगतात. झाडालाच जपायला हवे," असे तिचे म्हणणे.

पाऊस इथे कोकणाच्या जेमतेम पाव हिस्सा, आणि त्याचा भर परतीच्या वाटेवर. चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो. अनंताला हवी आंबट, ओलसर माती. इथली काळी जमीन चुनखडीची, उन्हात भेगाळणारी. पाने पिवळी पडली. आई दिवसातून तीनदा तांब्याभर पाणी घाली. वैशाखात रोप गेले. ती काही बोलली नाही. फक्त रत्नागिरीच्या गाडीची वेळ तेवढी विचारली. माझ्या पोटात धस्स झाले.

शेजारी एक अक्का राहत. आयुष्य मागावर गेलेले, मराठी तेलुगू वळणाचे. त्या येऊन म्हणाल्या, "वैनी, तुम्ही रोज थोडं थोडं देता, म्हणून मुळं वरच राहतात. चार दिवसांनी द्या, पण पोटभर द्या. मूळ पाण्यामागं खाली जातंय." मग त्यांनी एक कच्चे, रोगण नसलेले मडके आणून रोपाच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरले, पाण्याने भरले, वर झाकण घातले. मडके हळूहळू पाझरते. माती मागेल तेवढेच देते.

तेव्हापासून आमच्या अंगणाची रीत बदलली. काळ्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळले. आळ्यावर पाचोळ्याचे पांघरूण. पाणी दिवेलागणीला. रोपे लावायची ती पावसाच्या तोंडावर, उन्हाळ्यात नव्हे. पश्चिमेच्या कुंपणाला बोगनवेल. मूळची दक्षिण अमेरिकेची ही बाई जरा तहानेली ठेवली की अधिकच फुलते! शेजारी कण्हेर हवी होती, पण ती विषारी. घरात लहान मूल, म्हणून टाळली. डाळिंब मात्र लावलेच. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरातच निघाले, ते काही उगाच नव्हे.

आणि अनंताच्या जागी मोगरा. थंडीत पाणी तोडून छाटायचा, थंडी सरताना खत-पाणी द्यायचे; तांदूळ धुतलेले पाणी त्याच्याच वाट्याचे. पुढच्या वैशाखात तो असा बहरला, की आईने पहिला गजरा अक्कांच्या अंबाड्यात माळला.

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी आई रत्नागिरीला गेली. महिनाभर राहायचे म्हणून गेलेली, ती आठव्या दिवशी दारात हजर! मी विचारले, "अगं, इतक्या लवकर?"

पिशवी ओट्यावर ठेवून ती थेट अंगणात गेली, मडक्याचे झाकण उचलून आत डोकावली आणि म्हणाली, "वाटलंच मला. कोरडं ठणठणीत!"